कागदात गुंडाळू नका

३१७ बी. मुलगा, वय ९. शर्ट १०/१२ हस्की, पँट १२ हस्की, बूट ४ वाइड. गरज: थंडीचा कोट, पायमोजे. हौस: लेगो, डायनोसॉर. आवडता रंग: हिरवा.

देवदूताच्या आकारात कापलेल्या जाड कागदावर एवढाच मजकूर. नाव नाही, आडनाव नाही, शाळा नाही. ओहायोतल्या आमच्या ऑफिसच्या लॉबीत नोव्हेंबरच्या मध्याला प्लास्टिकचं सहा फुटी झाड उभं करतात आणि त्यावर असे पन्नासेक टॅग दोऱ्याने लटकवतात. सात वर्षं मी त्या झाडाशेजारून लिफ्टकडे जात होते, सजावट समजून. २०२२ साली आई माझ्याकडे आली होती. तिला ऑफिस दाखवायला घेऊन गेले, तर तिने चष्मा कपाळावर चढवून एक टॅग हातात धरला. "हे काय गं? शिंप्याची मापं का लटकवलीत झाडाला?"

रिसेप्शनवरच्या बाईंनी सगळं समजावून सांगितलं. हे एंजल ट्री. ज्या घरांत यंदा नाताळला भेटवस्तू आणणं जमणार नाही, तिथले आईबाप ऑक्टोबरात नाव नोंदवून जातात. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचे कागद, मुलांचे जन्मदाखले, सगळं दाखवून. मग प्रत्येक घराला नंबर आणि घरातल्या प्रत्येक मुलाला एक अक्षर. आपण टॅग काढायचा, वहीत नंबरासमोर आपलं नाव आणि फोन लिहायचा, खरेदी करायची आणि दोन डिसेंबरच्या आत टॅगसकट परत आणून द्यायची. "आणि प्लीज, कागदात गुंडाळू नका," त्या म्हणाल्या. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी तो हातातलाच टॅग घेतला. घरी मुलीने वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, ए कुठेय?" बी आहे म्हणजे ए असणारच, भाऊ किंवा बहीण. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन झाड धुंडाळलं. ३१७ ए कुणीतरी नेला होता.

आईला हस्की म्हणजे काय ते सांगावं लागलं. इथे मुलांच्या कपड्यांत स्लिम, रेग्युलर आणि हस्की असे प्रकार असतात. हस्की म्हणजे अंगाने भरलेला. "गुटगुटीत म्हण की," आई म्हणाली, आणि त्या क्षणापासून ३१७ बी आमच्या घरात गुटगुटीत झाला. गुटगुटीतचा कोट, गुटगुटीतचे मोजे.

त्याच संध्याकाळी आईने विचारलं की हे करतं कोण. मी सांगितलं, सॅल्व्हेशन आर्मी. म्हणजे दुकानांबाहेर लाल किटली टांगून घंटा वाजवत उभे असतात ते. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मुक्तिफौज. अगं, तू त्यांच्याच दवाखान्यात झालीस."

मी नगरची. आता अहिल्यानगर. जन्म बूथ हॉस्पिटलचा. अर्ध्या नगरचा तिथलाच असावा असं लहानपणी वाटायचं. बूथ हे नाव मी आयुष्यभर उच्चारलं, पण बूथ म्हणजे कोण हे कधी मनातही आलं नाही. टेलिफोनचा बूथ, मतदानाचा बूथ, तसा हा एक. त्या रात्री वाचत बसले. विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं, त्यातून ही फौज उभी राहिली. १८८२ मध्ये तिची माणसं मुंबईला उतरली. त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक टकर, सरकारची बडी नोकरी सोडून आलेला. इथे त्याने भगवी वस्त्रं घातली आणि फकीर सिंग नाव घेतलं. हाच टकर पुढे बूथ घराण्याचा जावई झाला, आडनाव बूथ-टकर लावू लागला आणि १८९६ पासून अमेरिकेतल्या फौजेचा प्रमुख होता. त्याच्यानंतर तीस वर्षं, १९०४ ते १९३४, अमेरिकेतला कारभार पाहिला विल्यम बूथ यांच्या मुलीने. तिचं नाव इव्हँजेलिन. आमच्या नगरच्या दवाखान्याच्या पाटीवर पूर्ण नाव आहे ते हिचं: इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल.

मी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि कूस बदलली.

खरेदीला आई, मुलगी आणि मी. शनिवार, बाहेर भुरभुर बर्फ. कोटांच्या रांगेत आईने जी तपासणी केली ती मी कधी विसरणार नाही. दुकानातल्या मुलीला वाटलं असेल ही बाई घाऊक माल घ्यायला आली आहे. आईने अस्तर उलटं करून शिवण पाहिली. चेन तीनदा वरखाली केली. बाहीच्या टोकाचं इलॅस्टिक ताणून सोडलं. टोपीला कडेने जी लोकर होती ती चिमटीत धरून हलकेच ओढली, दोन केस हाताला आले, कोट परत खुंटीवर. शेवटी एक गडद हिरवा कोट पसंत पडला. सेलमध्ये अडतीस डॉलर. मी १०/१२ चा काढला. आईने तो माझ्या हातातून घेऊन परत लावला आणि पुढचा, १४/१६ चा काढला.

"आई, टॅगवर दहा-बारा लिहिलंय."

"नऊ वर्षांचं पोर आहे. वाढत्या अंगाचा घे."

वाढत्या अंगाचा. आमचं सगळं बालपण वाढत्या अंगाच्या कपड्यांत गेलं. दिवाळीचा फ्रॉक पहिल्या वर्षी पोटरीपर्यंत, दुसऱ्या वर्षी गुडघ्यापर्यंत, तिसऱ्या वर्षी धाकटीला. मी आईला समजावलं की इथे माप बरोबर नसेल तर मुलाला बावळट वाटेल, बाह्या लोंबतील. आई म्हणाली, "बाह्या दुमडता येतात. अपुऱ्या बाह्या लांब करता येत नाहीत." यावर काय बोलणार? कोट १४/१६, पँट आणि शर्ट टॅगबरहुकूम, असा तह झाला. तो तह बरोबर होता की नाही हे मला आजही माहीत नाही.

डायनोसॉर मुलीने निवडला. डोळे लाल होणारा, गुरगुरणारा. आईने खोका उलटा करून पाहिला. "सेल आहेत का आत?" नव्हते. नाताळच्या सकाळी घरात सेल नाहीत म्हणून गप्प बसलेला डायनोसॉर डोळ्यांपुढे आला. डबल ए सेलचं पाकीट घेतलं. हे आता मी दरवर्षी करते आणि दुसऱ्यांनाही सांगते: सेल विसरू नका.

बूट मात्र चुकले. चार नंबर वाइड दुकानात मिळेना, म्हणून एका ऑनलाइन दुकानातून मागवले. एक डिसेंबरला येणार होते. तीनला आले, तेही नॅरो. तोपर्यंत मी दोन तारखेला दुपारी ऑफिसातून पळून जाऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरे आणले होते. टॅक्स धरून सगळा हिशोब एकशे एकतीस डॉलर झाला.

गुंडाळण्याबद्दल सांगायचं राहिलं. आदल्या रात्री सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या तेव्हा मुलगी कपाटातून चकचकीत कागद आणि रिबन घेऊन आली. तिला कार्डही लिहायचं होतं, आमच्या तिघींच्या नावाने. मी म्हटलं, नको सांगितलंय. तिला पटेना. भेट आहे तर कागद का नाही? खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. एवढं धावपळ करून आणलं आणि काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकायचं, जशी भंगारवाल्याला द्यायची रद्दी. चार ओळी तरी लिहाव्यात, नगरची एक आजी आली होती आणि तिने तुझ्या कोटाची चेन तीनदा तपासली, असं काहीतरी. मला ते कार्ड हवं होतं. मुलीपेक्षा जास्त मलाच.

आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "नको म्हणतात ते बरंच आहे. तुझ्या वह्या आठव."

१९९५. मी सहावीत. गणपतीच्या मांडवात "गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप" असा फलक. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्या वर्षी ते आजारपणात चार महिने बंद राहिलं होतं. मायकवरून माझं पूर्ण नाव पुकारलं, वडिलांचं काय चाललंय तेही सांगितलं. माझ्या वर्गातल्या सात-आठ मुली पुढच्याच सतरंजीवर बसल्या होत्या. सहा वह्या, लाल रिबन, प्रत्येक कव्हरवर देणाऱ्यांचा हसरा फोटो. फोटोग्राफर म्हणाला, "बाळ, वह्या जरा खाली धर, साहेबांचा चेहरा झाकतोय." मी खाली धरल्या. घरी येऊन सहाही वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली, आणि वर्षभरात एकही फाटू दिलं नाही.

वह्या चांगल्या होत्या, दोनशे पानी. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मुलीने रिबन परत कपाटात ठेवली. ३१७ बी पिशवीत गेला.

त्या वर्षी हौसेने मी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाडाचा फोटो टाकला. दहा-बारा जणांनी टॅग कुठे मिळतील विचारलं, आणि दोघांनी वाद घातला. एक म्हणाले, ही चर्चची माणसं, यातून धर्मप्रसार होतो. मुक्तिफौज हे मुळात चर्चच आहे, ते कुणी लपवतही नाही. ज्यांना त्यात अडचण वाटते त्यांनी दुसरी वाट धरावी, वाटा पुष्कळ आहेत. बुटांच्या खोक्यात खेळणी भरून परदेशी पाठवायची एक मोठी मोहीम इथे चालते, तिच्यात खेळण्यांबरोबर धर्माची पुस्तिका वाटली जाते, म्हणून मी स्वतः तिच्यात भाग घेत नाही. पण गुटगुटीतच्या टॅगवर धर्माचा रकाना नव्हता. आईने माझ्या खांद्यावरून तो मेसेज वाचला आणि म्हणाली, "तुझ्या वेळेला मला कळा येत होत्या तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."

दुसऱ्यांचा आक्षेप मला जास्त खटकला. त्यांना मिळालेल्या टॅगवर मुलाने टॅबलेट मागितला होता. "गरीब म्हणे, आणि टॅबलेट पाहिजे!" मागितला म्हणून द्यायलाच हवा असं नाही, पण नऊ वर्षांच्या पोराने हौसेच्या रकान्यात हौस नाही लिहायची तर काय, डाळ-तांदूळ लिहायचे? आपल्याकडे गरिबाने हौसही बेताची करावी अशी अपेक्षा असते. मी ग्रुपवर उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं.

२०२३ मध्ये मी गोदामात कामाला गेले. स्वयंसेवक म्हणून, दोन शनिवार आणि वाटपाचा दिवस. बंद पडलेल्या एका दुकानाची मोठी रिकामी जागा, थंडगार, फरशीवर पट्ट्या मारून नंबरांच्या रांगा, आणि प्रत्येक नंबरावर पिशव्या. कामावर देखरेख करणाऱ्या आजी सत्तरीच्या असतील, गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी. त्यांनी सांगितलं की झाडाची ही पद्धत १९७९ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावी सुरू झाली. चार्ल्स आणि शर्ली व्हाइट हे फौजेतलं जोडपं. त्यांनी देवदूतांची चित्रं असलेल्या शुभेच्छापत्रांवर मुलांच्या गरजा लिहिल्या आणि ती एका मॉलमधल्या झाडावर लावली. त्या पहिल्या नाताळात सातशेहून जास्त मुलांची सोय झाली. चित्रं देवदूतांची होती म्हणून नाव एंजल ट्री. दुसरी चित्रं मिळाली असती तर दुसरं नाव पडलं असतं, आजी म्हणाल्या.

पहिलं काम पिशव्या तपासण्याचं. यादीशी ताळा करायचा, कपड्यांची मापं बघायची, वापरलेलं काही निघालं तर बाजूला. आणि गुंडाळलेलं निघालं तर उघडायचं. पहिल्याच तासात माझ्या हाती एक खोका आला, सोनेरी कागद, कोपरे असे दुमडलेले की वाण्याने पुडी बांधावी तसे, वर मखमली फीत, आणि फितीखाली हाताने लिहिलेलं पत्र. मी आजींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, फाड. मी नखाने चिकटपट्टी सोडवायला लागले तर म्हणाल्या, "असं केलंस तर मार्चपर्यंत इथेच बसू." फाडला. आत बाहुली होती. पत्र आजींनी न वाचता टोपलीत टाकलं.

कारण विचारलं तर त्यांनी दोन सांगितली. एक, आत काय आहे ते न बघता कुणाच्या मुलाच्या हातात देता येत नाही. दुसरं, त्या मुलाला भेट आम्ही देत नाही. त्याचे आईबाप देतात. वस्तू त्यांनी बघायची, कुठली कुणाला ते त्यांनी ठरवायचं, रात्री मुलं झोपल्यावर त्यांनी गुंडाळायची. मुलाला कळतं ते एवढंच की सांताने आणलं किंवा आईने आणलं. आपण मधे कुठेच नाही. माझ्या न लिहिलेल्या कार्डाचं दुःख तिथे गेलं.

अक्षरांचं कोडंही तिथेच सुटलं. एका घराच्या ए, बी, सी पिशव्या शेजारी ठेवून तोलून बघतात. ए ला कुणी सढळ हाताने दिलेलं असतं, सी ला एक टी-शर्ट आणि कोडं. मग फळीवरून काढून सी भरायची. त्या फळ्यांवरचा बराच माल टॉइज फॉर टॉट्सचा, म्हणजे अमेरिकन मरीन सैनिक जमवतात तो. त्याची गोष्ट मला फार आवडते. १९४७, लॉस एंजेलिस. बिल हेंड्रिक्स या मरीन मेजरला बायकोने हाताने केलेली बाहुली दिली, म्हणाली, गरीब मुलांना खेळणी वाटणाऱ्या एखाद्या संस्थेला दे. त्याने शोधलं, अशी संस्था मिळेना. बायको म्हणाली, मग तूच काढ. त्या वर्षी पाच हजार खेळणी जमली, पुढच्या वर्षी सगळ्या देशात काम पसरलं. आगगाडीचं त्यांचं चिन्ह वॉल्ट डिस्नेने काढून दिलेलं.

पण फळ्यांवर काय असतं हेही बघा. मऊ अस्वलं शेकड्यांनी. चार वर्षांच्या मुलींच्या बाहुल्या, गाड्या, चेंडू. अकरा-बारा वर्षांच्या पोरांचा खण रिकामा. लहान मुलाचा टॅग सगळ्यांना हवा असतो, बारा वर्षांच्या मुलीचं काय घ्यावं कळत नाही म्हणून ती झाडावर राहते. किंवा त्याहून वाईट, कुणीतरी टॅग नेतो आणि परत येतच नाही. न आलेल्या टॅगची यादी भिंतीवर लावली होती. त्यात माझ्या ऑफिसच्या झाडाचे तीन नंबर होते. एक बारा वर्षांची मुलगी, हौस: रंगांच्या पेन्सिली, हेडफोन. कुणाचा टॅग हे मला वहीत बघता आलं असतं. बघितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत जाऊन पेन्सिली, हेडफोन आणि चित्रकलेची जाड वही आणली. वहीचं कव्हर कोरं बघून घेतलं.

दुपारी सायकली आल्या. खोक्यांत, सुट्ट्या भागांच्या. चार पुरुष सूचनांचे कागद पसरून बसले होते आणि एका सायकलीचं पुढचं चाक उलटं लावून मोकळे झाले होते. मी पाना मागितला. वडिलांच्या दुकानात बसून मी ब्रेकच्या तारा ओढल्या आहेत, साखळीत एक बोट ढील ठेवायची हे मला कुणी लिहून द्यायला नको. अकरा सायकली केल्या. हात काळे झाले, वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, वंगणाचा वास तोच.

वाटपाचा दिवस नाताळच्या आधीच्या आठवड्यात. गाड्या रांगेने येतात, काचेवर नंबराचा कागद, आपण पिशव्या ढकलगाडीवरून नेऊन डिकीत घालायच्या. आजींची ताकीद एकच: फोन खिशात. कुणाचाही फोटो काढायचा नाही. एक बाप कामाच्या कपड्यांतच आला होता, बुटांवर चुना. तीन पिशव्या आणि एक सायकल. त्याने डिकीत सगळं नीट बसवलं, वरून जुनी चादर अंथरली, कडा खोचल्या, मागे सरून बघितलं की बाहेरून काही दिसत नाही ना. मग परत येऊन एक कोपरा अजून खोचला. सगळ्यांना आम्ही गुंडाळायच्या कागदाची एकेक गुंडाळी आणि चिकटपट्टी देत होतो. त्याने विचारलं, हिरव्याऐवजी डायनोसॉरवाला कागद आहे का. होता.

गेल्या वर्षी मुलीच्या हट्टाने टपाल खात्याच्या ऑपरेशन सांतातही एक पत्र घेतलं. सांताला आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची मुभा टपाल कर्मचाऱ्यांना १९१२ मध्ये मिळाली, आता ते सगळं ऑनलाइन आहे. आपली ओळख पटवून द्यायची, मुलांची पत्रं वाचायची, आडनाव-पत्ता काळा केलेला असतो. खोक्यावर लावायची चिठ्ठी येते, तीवर कोड असतो, पत्ता टपालखात्यालाच कळतो. टपालखर्च आपला, तो आधी नीट विचारून घ्या, खोका जड झाला की खेळण्याइतकाच होतो. मुलीने त्यात सेल घातले होते, मला न सांगता.

आई आता नगरलाच असते. नोव्हेंबर लागला की फोनवर विचारते, टॅग घेतलास का, किती वर्षांचं आहे, माप काय. आणि ठेवायच्या आधी दरवेळी तेच.

"गुटगुटीतला कोट बसला का गं?"

"आई, मला कसं कळणार?"

"बारा वर्षांचा झाला असेल आता," ती म्हणते. "चौदा-सोळा यंदा बरोब्बर होईल त्याला."